भाकरी चावता चावता गोड का लागते?

मागच्या महिन्यात विहारात महिलांची बैठक संपल्यावर आम्ही प्रत्येकीच्या हातावर ज्वारीच्या भाकरीचा एकेक तुकडा ठेवला. कालवण नाही, चटणी नाही. "गिळू नका, दोन मिनिटं नुसता चावत राहा," एवढंच सांगितलं. आधी हसू झालं, मग एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, गोड लागायला लागली की!"

ही गोडी बाहेरून आलेली नसते. ज्वारी, तांदूळ, गहू, बटाटा यांत पिष्ट भरपूर असतं. पिष्ट म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. माळ अखंड असते तोवर जिभेला गोड लागत नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. शाळेच्या जुन्या पुस्तकांत त्याला टायलिन म्हणत. ते ही माळ कात्रीसारखं जागोजागी कापतं. दोन-दोन कणांचे तुकडे पडले की माल्टोज तयार होतं आणि ते गोड लागतं. लाळेचा हा गुण जर्मनीतल्या लॉइक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३१ साली नोंदवला.

कच्च्या दाण्यातल्या पिष्टावर मात्र लाळेचं फारसं चालत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की पिष्टाचे कण फुगून मोकळे होतात, मग कात्री आत शिरते. चुलीवर निम्मं काम आधीच झालेलं असतं म्हणा ना.

घास तोंडात थोडाच वेळ राहतो, त्यामुळे तिथे पचन अर्धवटच होतं. जठरात गेल्यावर तिथलं आम्ल विकराला बंद पाडतं, पण घासाच्या आतपर्यंत आम्ल पोचेतो ते काम करतच राहतं. उरलेलं मोठं काम पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज करतं. शेवटी सगळ्याचं ग्लुकोज होऊन ते रक्तात जातं.

त्याच मावशींनी मग विचारलं, "मी सहा महिन्यांपासून चहात साखर घालत नाही. तरी शुगर का उतरत नाही?" उत्तर त्यांच्या तोंडातच होतं. चहातली साखर सोडली हे चांगलंच केलं, पण दोन वेळचा ताटभर भात शेवटी साखरच होतो. नीट चावल्याने ही साखर कमी होत नाही. फायदा एवढाच, की सावकाश खाणाऱ्याचं पोट बहुधा थोडक्यात भरतं. भात-भाकरी मोजून घ्यावी, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरा प्रश्न एका आजींचा होता. नातू तीन महिन्यांचा, रडतो, म्हणून त्या त्याला बिस्किट पाण्यात कालवून द्यायच्या. "पातळच तर असतं," असं त्यांचं म्हणणं. पण एवढ्या लहान बाळाच्या स्वादुपिंडात हे विकर जवळजवळ तयारच होत नसतं, लाळेतलंही कमी असतं. आईच्या दुधात मात्र अमायलेज असतं. शिवाय बिस्किटाने पोट भरलं की बाळ दूध कमी पितं, आणि पाण्यातून, वाटी-चमच्यातून जुलाबाचे जंतू जातात. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. त्यानंतर मऊ भात, खिमट सुरू करावं. आजी थोड्या नाराज झाल्या, सून मात्र गालात हसली.

घरी शाळकरी मुलं असतील तर एक गंमत करता येईल. भाताची पातळ, कोमट पेज दोन वाट्यांत घ्या. एकीत थोडी लाळ टाकून ढवळा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा एकेक थेंब दोन्हींत टाका. साधी पेज निळी-काळी होईल. लाळेच्या वाटीत निळा रंग फिका पडेल, कधी उमटणारच नाही. नंतर दोन्ही वाट्या ओतून टाका आणि घासून धुवा.