शिक्का, तारीख आणि चोवीस तास

सकाळी ६:४०. चहाचं आधण ठेवलं आणि नागपूरच्याच जरीपटक्यातून फोन. "मॅडम, पोलीस आलेत. बाबांचे कागद मागतात." माझे अशील दादा, त्यांच्या सुनेचा आवाज पार घशात गेलेला. वर्दीत की साध्या कपड्यांत, कोणत्या शाखेचे, कशासाठी, एवढं आधी विचार म्हटलं. मागे खुर्च्या सरकल्या. मग हळूच, "पडताळणी म्हणतात. अर्जाची."

नागरिकत्वाच्या अर्जाची पडताळणी! ज्यासाठी आम्ही आठ महिने डोळे लावून बसलो होतो तीच. "त्यांना चहा दे. मूळ कागद नुसते दाखवायचे, हातात द्यायच्या त्या झेरॉक्स. मी निघते."

तिच्या घाबरण्याला मी हसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ तारखेपासून रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत, असा खुलासा सरकारनं केला होता. तरी ते तीन-चार दिवस माझा फोन रात्री दोनलाही वाजत होता.

८:१५. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी जरीपटका गजबजवला. त्यांच्या मागे राहिलेल्या नातलगांचं येणं पुढेही कित्येक वर्षं चालू राहिलं. दादा त्यातलेच. घरादाराचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. हिरवा पासपोर्ट मुदत संपलेला, पण नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या २०२४ च्या नियमांत तोही चालतो. घोळ आहे शिक्क्याचा. दादा थर एक्स्प्रेसनं मुनाबावला उतरले, तिथला जांभळा शिक्का ओल लागून पसरलाय. दिवस दिसतो, महिना दिसतो, वर्षाचा शेवटचा आकडा ४ आहे की ७, हे भिंग लावूनही कळत नाही. आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच हा कायदा लागू. म्हणून अर्जाला आम्ही परदेशी नोंदणीचा निवास परवाना जोडला होता. आज नेमकी त्याचीच मूळ प्रत सापडेना.

विशेष शाखेचे हवालदार शांतपणे बशीतला चहा पीत होते. सुनेनं डबा उलटा केला. पाळण्याची पत्रिका, विजेची बिलं, कोणाचा तरी एक्सरे. शेवटी एका लग्नपत्रिकेच्या घडीत परवाना निघाला. सप्टेंबर २०१४. दादा इतका वेळ काही बोलले नव्हते. आता म्हणाले, "समितीवर पोस्टाचे साहेब बसतात ना? मग मनीऑर्डरीसारखं पोचेल एकदाचं." खरं आहे, जिल्हा समितीचे प्रमुख डाक अधीक्षक असतात.

सून मात्र २०१६ मध्ये आली. तिचा अर्ज जुन्या वाटेनं, जिल्हाधिकाऱ्यांकडे. एकाच डब्यात दोन कायदे.

११:३०. सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालय. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. आजच्या रिमांडला बावीसेक वर्षांचा पोरगा, शिंपीकाम करणारा. पोलीस म्हणतात बांगलादेशी, तो म्हणतो पश्चिम बंगालमधल्या नदियाचा. भारतीय असल्याचं सिद्ध करायचं त्यानंच. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात हे ओझं त्याच्यावर होतं. तो कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आला, त्यातही ते त्याच्याच डोक्यावर. आईचा नंबर फोनमध्ये आणि फोन जप्त. आता सिद्ध कर बाबा!

अटकेची कारणं लेखी दिली होती, पण मराठीत. त्याला बंगालीखेरीज मोडकंतोडकं हिंदी येतं. खाली सही मात्र घेतलेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलंय की कारणं लेखी हवीत, आरोपीला कळणाऱ्या भाषेत हवीत, आणि अगदीच अपवाद असला तरी न्यायालयात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हवीत. इतवारीच्या सराफ्यातल्या एका बंगाली कारागिराला मी दुभाषा म्हणून बोलावलं होतं. त्यानं कागद वाचून दाखवला तेव्हा पोराला पहिल्यांदा कळलं की आपल्यावर आरोप काय आहे. तोवर अटकेला एकोणीस तास झाले होते.

"परदेशी माणसाला कसले हक्क?" बाररूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी नेहमी विचारतात. राज्यघटनेत भाषण-संचाराचं कलम १९ 'नागरिकां'साठी आहे. कलम १४ आणि २१ मध्ये शब्द आहे 'व्यक्ती'. देशाबाहेर काढायचा अधिकार सरकारला आहे, तो १९५५ पासून सर्वोच्च न्यायालयानं मानलेला आहे. पण काढायचं ते कायद्यानं ठरवलेल्या रीतीनंच. दीक्षाभूमीच्या गावात हे वकिलाला समजावून सांगावं लागतं, याची मला लाज वाटते.

दंडाधिकाऱ्यांनी आक्षेप नोंदवला, घरी कळवायला सांगितलं आणि न्यायालयीन कोठडी दिली. जामिनाचा अर्ज उद्याच्या बोर्डावर.

४:२०. वर्धा रोड, मध्यवर्ती कारागृह. दुसऱ्या एका अशिलाच्या वकालतनाम्यावर सही घ्यायची होती. मुलाखतीची वेळ संपलेली. अजनीला अडकले, चूक माझीच. परत.

७:००. घरी. कारागिराचा फोन आला. त्यानं स्वतःच्या खिशातून नदियाच्या तीन-चार दुकानांना फोन लावले होते. त्यातल्या एकाकडून पोराच्या आईला निरोप मिळाला. शाळेचा दाखला व्हॉट्सअॅपवर येतोय. पोराला आणि दादांना मी तागडीच्या दोन पारड्यांत घालत नाही. पण तारीख आणि धर्म एकाच्या पाठीशी उभे आहेत आणि दुसऱ्याच्या पाठीशी एक सोनार, हे मला आज दिवसभर खुपत राहिलं.

९:३०. दाखला आला. वाचता येतोय.

तुमच्या गल्लीतून असं कोणाला उचललं तर तो कुठला, हे ठरवत बसू नका. कोठडीतल्या माणसाला, मग तो कोणत्याही देशाचा असो आणि कितीही कमावणारा असो, मोफत वकील मिळतो. नंबर १५१००. पहिल्या चोवीस तासांत लावा.