गाडीच्या पोटात – भाग ९ : शॉर्ट शिफ्टर बसवण्याआधी आणि बसवताना

गेल्या आठवड्यात आपण सिंक्रो रिंगचं काम पाहिलं. वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन भागांना एका वेगावर आणायचं आणि मगच दात एकमेकांत जाऊ द्यायचे, हे काम ती पितळी कडी दर गिअरला करते. त्या कडीपर्यंत आपला हात ज्या दांडीतून पोचतो, त्या गिअर लिव्हरकडे आज वळू. ही लिव्हर बदलून ‘शॉर्ट शिफ्टर’ बसवायची हौस हल्ली पुष्कळांना आहे. हौस चांगली आहे. पण त्यातून काय मिळतं आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे किट मागवण्याआधी कळलेलं बरं.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना नॉब जेवढं अंतर कापतो त्याला थ्रो म्हणतात. शॉर्ट शिफ्टरने हे अंतर कमी होतं. कसं, ते साध्या गणिताने समजतं. लिव्हरला मधे एक टेकू असतो. टेकूपासून नॉबपर्यंतचा भाग लांब आणि टेकूखाली गिअरबॉक्सकडे जाणारा भाग आखूड. समजा, वरचा भाग 200 मिमी आणि खालचा 50 मिमी आहे. म्हणजे प्रमाण चारास एक. खालचं टोक 25 मिमी सरकायला हवं असेल, तर नॉब 100 मिमी सरकवावा लागेल. आता खालचा भाग 70 मिमीचा केला, तर तेवढ्याच कामाला नॉब साधारण 71 मिमी सरकवून भागतं. जवळजवळ तीस टक्के अंतर वाचलं.

पण गिअरबॉक्सच्या आत काहीच बदललेलं नाही. शिफ्ट फोर्कला जेवढं सरकायचं तेवढं सरकावंच लागतं आणि सिंक्रोला जेवढा दाब लागतो तेवढा द्यावाच लागतो. अंतर कमी झालं की जोर त्याच प्रमाणात वाढतो. वरच्या उदाहरणात हाताला पूर्वीच्या 1.4 पट जोर लावावा लागेल. पहारीने दगड उकलणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पहार आखूड धरली की दगड लगेच जड होतो. जाहिरातीत ‘पन्नास टक्के आखूड’ असं लिहिलेलं असतं, तिथे ‘दुप्पट जड’ असंही मनातल्या मनात वाचावं.

दुसरा गैरसमज वेगाचा. गिअर लवकर पडतो म्हणून गाडी लवकर पळते, असं वाटतं. सिंक्रो रिंगला वेग जुळवायला जो क्षण लागतो, तो नॉबचं अंतर कमी करून टळत नाही. हाताचा प्रवास किंचित लवकर संपतो, इतकंच. तरीही घाई करून रेटलं, तर तो जोर पितळी रिंगच्या शंकूवर पडतो आणि रिंग झिजते. शॉर्ट शिफ्टरची खरी कमाई हाताच्या सुखाची आहे. नेमका, आटोपशीर, ‘खट्’ करून बसणारा गिअर. ताम्हिणी घाटात वळणामागून वळण घेताना दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करत जाण्यात जो आनंद आहे, तो मला पूर्ण मान्य आहे. त्या आनंदासाठी पैसे खर्च करणं गैर नाही.

फक्त एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या गाडीचा गिअर लांब आहे की ढिला आहे?

हे दोन्ही हाताला सारखेच लागतात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि नॉब दोन बोटांनी चारही बाजूंना हलवा. गिअर पडलेला असताना नॉब सहज हलत असेल, तर सांध्यांमधला प्ले वाढला आहे. जुन्या प्रीमिअर पद्मिनीत आणि अँबॅसडरमध्ये लिव्हर स्टिअरिंगच्या दांड्याला असायची. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सांध्यामागून सांधे होते आणि प्रत्येक सांध्यात थोडी झीज. त्या गाड्या चालवलेल्यांना गिअर ‘शोधणं’ म्हणजे काय ते ठाऊक आहे. आजच्या गाडीत सांधे कमी आहेत, पण झिजणारे प्लास्टिकचे आणि रबराचे बुश आहेतच.

या बाबतीत माझदाच्या मिआटाचं उदाहरण फार शिकवणारं आहे. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली ही दोन आसनी उघडी गाडी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि गिअरबॉक्स थेट चालकाच्या मांडीशेजारी. मधे केबल नाही की लांब रॉड नाही; लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसते. कंपनीनेच तिचा थ्रो इतका आखूड ठेवला होता, की गाडीची कीर्ती अर्धी त्या गिअरवर उभी राहिली. तरीही त्या गाडीसाठी शॉर्ट शिफ्टर विकले जातात आणि लोक ते घेतात. कारण वीस-तीस वर्षांत तो मूळचा गिअर सैल आणि गुळगुळीत झालेला असतो.

तो उघडून पाहिला की कारण दिसतं. नॉब फिरवून काढायचा, मधला कन्सोल काढायचा, मोठं रबरी बूट काढायचं, त्याखालचं छोटं बूट आणि तीन बोल्ट काढले की लिव्हर सरळ वर उचलून हातात येते. तिच्या तळाच्या गोळीवर नायलॉनची एक वाटी असते. नवी असते तेव्हा ती गोळीला घट्ट धरते. जुन्या गाडीत बहुतेकदा ती पिवळी पडलेली, तडकलेली असते, किंवा तिचे तुकडे तळाच्या तेलात सापडतात. लिव्हर जिथे बसते त्या खोबणीचं तेलही गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं असतं. जेमतेम 90 मिलिलिटर. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे तसंच राहतं, आणि वर्षानुवर्षं कुणी तिकडे पाहत नाही. छोटं बूट फाटलं, की गिअरबॉक्सची उष्णता आणि आवाज थेट आत येतो. वाटी, बूट आणि ताजं तेल एवढ्यावर बऱ्याच मालकांचा शॉर्ट शिफ्टरचा खर्च वाचलेला आहे.

आपल्याकडे जिप्सी, बोलेरो अशा गाड्यांत लिव्हर गिअरबॉक्सवर असते. पण रस्त्यावरच्या बहुतांश गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांचा गिअरबॉक्स बोनेटखाली आडवा बसतो आणि लिव्हर मात्र दोन सीटच्या मधे. मधलं अंतर दोन केबलींनी जोडलेलं असतं. एक केबल पुढे-मागे, म्हणजे गिअर टाकण्याची. दुसरी डावी-उजवी, म्हणजे रांग निवडण्याची. फोक्सवॅगन पोलो घ्या. चाकणच्या कारखान्यात ती 2009 च्या डिसेंबरपासून 2022 पर्यंत बनत होती, त्यामुळे पुण्या-मुंबईत तिचे जाणकार मेकॅनिकही भरपूर आणि तिला नटवणारे हौशीही भरपूर.

केबलच्या गाडीत थ्रो दोन ठिकाणी कमी करता येतो. एक, गाडीच्या आत लिव्हरच्या तळाशी, म्हणजे खालचा भाग लांबवून. दोन, बोनेटखाली गिअरबॉक्सच्या माथ्यावर. तिथल्या छोट्या आर्मला केबल जोडलेली असते. केबल जोडायची पिन आसाच्या जवळ आणली, की केबल तेवढीच सरकूनही आस जास्त फिरतो. हे दुसरं काम स्वस्त आणि झटपट होतं, म्हणून जास्त चालतं.

इथे एक बारकावा आहे. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत या आर्मवर लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा असतो. पाहणाऱ्याला तो उगाचच लावलेला वाटतो. पण तो वजनासाठीच आहे. लिव्हर सरकवली की ठोकळ्यालाही वेग येतो, आणि सिंक्रो अडवत असताना त्याचा तो रेटा हाताच्या मदतीला येतो. त्यामुळे गिअर खटके न खाता आत सरकतो. काही किटमधला आर्म सुबक, रंगवलेला, हलका असतो आणि ठोकळा गायब असतो. असा आर्म बसवला की जोर तर वाढतोच, शिवाय गिअर खडबडीत लागायला लागतो. किट घेताना हा ठोकळा आहे का, ते आधी बघा.

आता बसवण्याचं काम. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ओट लावलेली. लिव्हर न्यूट्रलमध्ये येणार असल्यामुळे गाडी गिअरने अडणार नाही, म्हणून ओट विसरायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, मग बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की गिअरबॉक्सचा माथा नीट दिसतो. काहीही उघडण्यापूर्वी फोटो काढून ठेवा आणि आर्म आसावर कुठे बसला आहे तिथे रंगाची खूण करा. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा डोळा असतो आणि तो पिनवर दाबून बसवलेला असतो. तो काढताना स्क्रू ड्रायव्हर घालून तिरपा उचकटला तर डोळा तडकतो, आणि अनेकदा त्यासाठी अख्खी केबल बदलावी लागते. क्लिप आधी काढा, मग डोळा दोन्ही बाजूंनी सारखा वर उचला. नवा आर्म बसवताना पिनवर पातळसा ग्रीस द्या आणि नट टॉर्क पान्यानेच आवळा.

इथवर काम सोपं आहे. खरं कौशल्य यापुढे लागतं, कारण केबलींचं सेटिंग बिघडलेलं असतं. एका जाणत्या मेकॅनिकला हे करताना पाहावं. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन्ही केबलींच्या तोंडाशी स्प्रिंगच्या कॉलर असतात. तो त्या ओढून, फिरवून अडकवून ठेवतो. आता केबली मोकळ्या झाल्या. मग गिअरबॉक्सचा निवडीचा दांडा खाली दाबतो आणि शेजारची कोपरासारखी वाकडी पिन फिरवून तो न्यूट्रलमध्ये पक्का करतो. मग आत सीटवर बसून लिव्हरचं बूट वर करतो आणि लिव्हरच्या तळाच्या भोकातून एक पिन आरपार घालतो. बरेच जण योग्य मापाचं ड्रिल बिटच वापरतात. आता दोन्ही टोकं न्यूट्रलमध्ये बांधलेली आहेत. अशा वेळी कॉलर सोडल्या, की केबलींची लांबी आपोआप बरोबर बसते. शेवटी दोन्हीकडच्या पिना सोडायच्या. या क्रमात घाई केली, अंदाजाने केबल बसवली, तर पहिला आणि रिव्हर्स यांच्यात गोंधळ होतो, किंवा पाचवा अर्धवट पडतो.

अर्धवट पडलेला गिअर हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून तपासणीवर मी जोर देतो. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि प्रत्येक गिअर टाका. गिअर पूर्ण बसल्यावर नॉब, लिव्हर आणि बूट यांच्यापैकी काहीही कन्सोलला टेकता कामा नये. लिव्हर गिअरबॉक्सच्या आतल्या अडणीमुळे थांबली पाहिजे, बाहेरच्या प्लास्टिकमुळे नाही. बाहेर अडली, तर दात पूर्ण आत जात नाहीत आणि चढावर जोर पडताच गिअर सुटतो. दर वेळी सुटताना दातांच्या कडा गोल होत जातात, आणि मग मूळची लिव्हर परत लावली तरी तो गिअर टिकत नाही. रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागतो का, तेही पाहा. त्यानंतरच गाडी मोकळ्या रस्त्यावर सावकाश न्या.

किट निवडताना आणखी एक गोष्ट. बरीच किट फक्त पुढे-मागेचं अंतर कमी करतात. डावं-उजवं अंतर तसंच राहतं, आणि सवय होईपर्यंत हात थोडा चुकतो. काही किट दोन्ही कमी करतात, आणि मग रांगा एकमेकींच्या अगदी जवळ येतात. जोरात जाताना तिसऱ्यातून चौथ्यात ओढायचा आणि हात डावीकडे सरकून दुसरा पडायचा, हे अशा वेळी घडतं. समजा, तिसऱ्याचं प्रमाण 1.28 आणि दुसऱ्याचं 1.95 आहे आणि इंजिन 6000 फेऱ्यांवर आहे. क्लच सोडताच चाकं इंजिनाला 9000 च्या वर ओढतात. तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. तो इंधन तोडू शकतो, पण चाकांनी इंजिनाला फिरवणं थांबवू शकत नाही. व्हॉल्व पिस्टनवर आपटले की इंजिन उघडावं लागतं. म्हणून मी पहिल्या किटसाठी पुढे-मागे वीस ते तीस टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नका असंच सांगेन.

धातूच्या घट्ट बुशचंही तसंच. रबराचा बुश काढून पितळेचा किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा घातला, की नॉब नेमका होतो, पण गिअरबॉक्सची घरघर हातात आणि कानात येते. ट्रॅकवरच्या गाडीला ते चालतं. घरच्या गाडीत शेजारी बसणाऱ्यांना दोन तासांनी त्रास होतो.

तेलाबद्दल एवढंच, की कंपनीने जीएल-4 सांगितलं असेल तर ‘अधिक चांगलं’ म्हणून जीएल-5 भरू नका. त्यातली काही रसायनं पितळी रिंगला बाधू शकतात, आणि शॉर्ट शिफ्टर घाईने रेटला तर त्या रिंगवर आधीच जास्त भार पडतो.

माझा कौल असा. गाडी रोज सिंहगड रोडच्या किंवा घोडबंदरच्या गर्दीत जात असेल, तर बुश आणि तेल बदला आणि तिथेच थांबा. डाव्या मनगटाला वाढीव जोर दिवसातून असंख्य वेळा सोसावा लागतो. गाडी मुख्यतः घाटांसाठी, हौसेसाठी असेल, तर मध्यम प्रमाणाचं, वजनाचा ठोकळा असलेलं किट घ्या आणि केबलींचं सेटिंग येणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्या. विम्याच्या कंपनीला बदल कळवा, वॉरंटी चालू असेल तर आधी विचारा. काढलेला मूळचा आर्म, क्लिपा आणि बुश एका पिशवीत घालून, गाडीचा नंबर लिहून जपून ठेवा. गाडी विकताना नवा मालक तेच मागतो.

पुढच्या भागात क्लचचं पेडल : ते जड का होतं आणि तेल की केबल, हा फरक पायाला कसा ओळखू येतो.