पापडाचं पीठ आणि हिरवा ठिपका

एका मंगळवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात आमच्या दाराची बेल किती वेळा वाजते, ते मी मोजलं. 11 वेळा. दूधवाला यात नाही, तो पहाटेच पिशवी कडीला अडकवून जातो. इस्त्रीवाला, कुरिअर, पुन्हा कुरिअर (हे शेजारच्यांचं, कारण ते ऑफिसला जातात आणि आम्ही 'घरीच असतो'), गॅस सिलिंडर, गणपतीची वर्गणी, 'तुमच्याकडे पाणी आलंय का' विचारायला खालच्या काकू, नंतर 'आलं बरं का' सांगायला पुन्हा त्याच. उरलेल्या चार आता आठवत नाहीत. घरात त्या दिवशी दोन माणसं लॅपटॉप उघडून बसली होती, मी आणि माझी बायको. मी मोजत होतो आणि दार ती उघडत होती.

घरून काम नीट कसं करावं याचे सल्ले एव्हाना सगळ्यांना पाठ झालेत. वेळेवर उठा, आंघोळ करून बाहेरचे कपडे घाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करा. सल्ले वाईट नाहीत, मी त्यातले दोन-तीन पाळतोही. पण ते सगळे काम करणाऱ्या माणसाला दिलेले असतात. घराला कुणी काही सांगत नाही.

आपल्याकडे घरून काम 2020 च्या मार्चात आलं, असं सर्रास म्हटलं जातं. ऑफिसवाल्यांपुरतं ते खरं आहे. पण 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या होत्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यातून 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' उभं राहिलं, आणि आज तिथल्या हजारो 'बहिणीं'च्या कामाचं ठिकाण त्यांचं राहतं घर आहे. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळे घरात बसून 'यू आर ऑन म्यूट' म्हणत होतो.

गिरगावात माझी आत्या राहायची. तिच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू पापडाचं काम करायच्या. पहाटे अंधारातच डबा घेऊन त्या केंद्रावर जात. आदल्या दिवशीचे पापड तिथे तपासले जात, काट्यावर चढत, हिशेब होई आणि मळलेलं नवं पीठ वजन करून डब्यात पडे. पीठ मळायचं केंद्रावर, लाटायचं घरी, अशी वाटणी. त्यामुळे चव सगळीकडे एकसारखी राहते. घरी आल्यावर काकू खिडकीखाली पाट मांडून बसत. बोटाला तेल, पिठाची सुपारीएवढी गोळी, लाटण्याचे मोजके फेर, आणि पापड उपड्या टोपलीवर. टोपली भरली की गॅलरीत उन्हात. आम्हा पोरांना पापडाची कच्ची लाटी म्हणजे जीव की प्राण. उन्हाळ्यात घरच्या पापडांचा घाट असला की काकू स्वतः हातावर लाटी ठेवत, वर तेलाचं बोट. केंद्रावरच्या पिठाला मात्र हात लावू देत नसत. 'ते मोजून आलंय रे,' एवढंच म्हणत.

'मोजून आलंय' हे मला फार उशिरा कळलं. काकूंचं काम बाहेरून घरात यायचं आणि दुसऱ्या सकाळी घराबाहेर जायचं. ते डब्यात मावणारं होतं. डबा रिकामा झाला की काम संपलं, आणि कुणाला तसं सांगावंही लागत नसे, सगळ्या घराला ते दिसायचं. काट्याला त्या किती तास बसल्या याच्याशी देणंघेणं नव्हतं. आणखी एक गोष्ट अशी, की घरी पीठ नेण्याआधी घर स्वच्छ आहे ना, पापड वाळवण्यापुरती जागा आहे ना, हे पाहिलं जायचं. जिच्याकडे जागा नसेल तिला मळण्याचं, पाकिटं भरण्याचं काम केंद्रावर. म्हणजे घरून काम द्यायचं की नाही, हे बाईचा निश्चय बघून ठरत नव्हतं. घर बघून ठरत होतं.

यात गुलाबी रंग भरायचा नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायकांचंही घर हाच कारखाना आहे. तेंदूची पानं भिजवा, मापाने कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा. मजुरी दर हजारी, आणि तपासणीत नापास झालेल्या विड्या बाईच्या माथी. तंबाखूची धूळ त्याच खोलीत, जिथे भाकरी थापायची आणि मूल झोपवायचं. सोलापूरजवळ कुंभारीला साम्यवादी नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांसाठी 10 हजार घरांची वसाहत झाली. त्या बायकांना छपराबरोबर कामाची जागाही मिळाली, असं मला नेहमी वाटतं.

आता ऑफिसवाल्यांकडे. घरून काम केल्याने काम वाढतं की घटतं, याचा पहिला गाजलेला प्रयोग शांघायच्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर झाला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. इच्छुकांपैकी 249 जण पात्र ठरले. ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं, विषम तारखेवाल्यांनी ऑफिसात. नऊ महिन्यांनंतर घरच्या गटाचं काम 13 टक्के जास्त भरलं, आणि नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. हा आकडा मग जगभर फिरला. त्यामागची अट मात्र फारशी फिरली नाही. घरून काम करणाऱ्याला घरी स्वतंत्र खोली असणं सक्तीचं होतं. शिवाय काम होतं फोन घेण्याचं, म्हणजे मोजता येण्याजोगं. थोडक्यात, जागा पाहिलेली आणि काटा तयार. गिरगावातल्या काकूंना यात नवल वाटलं नसतं. प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायची मुभा मिळाली, तेव्हा साधारण निम्म्यांनी आपला पर्याय बदलला. घरी एकटं वाटतं, ही अनेकांची तक्रार होती.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा, चेन्नईचा. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एंट्रीच्या कामासाठी माणसं घेतली आणि कोण घरी, कोण ऑफिसात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. काम मोजता येणारंच होतं. तरी घरी बसलेल्यांचं काम 18 टक्क्यांनी कमी भरलं, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या दिवसापासूनच दिसली. उरलेली घट घरी शिकणं हळू होतं म्हणून. पण मला जास्त लागलं ते पुढचं. ज्यांनी 'आम्हाला घरूनच काम हवं' असं आधी सांगितलं होतं, त्यांचं घरी गेल्यावर जास्त नुकसान झालं, ऑफिसच्या तुलनेत 27 टक्के. ज्यांना ऑफिस हवं होतं, त्यांचं 13 टक्के. उलटं वाटतं ना? पण घर कोण मागतं, ते बघा. लहान मूल असलेली, आजारी सासऱ्यांचं बघणारी, ऑफिसला जाणं परवडत नाही अशी माणसं घर मागतात. घरी काम चांगलं होतं म्हणून ती घर मागत नाहीत, दुसरा इलाज नसतो म्हणून मागतात. आणि ज्या कारणासाठी घर मागितलं, तेच कारण दिवसभर पदर ओढत राहतं.

भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात आणि पुरुषाची 88, असं निघालं. आमच्या त्या मंगळवारच्या 11 बेलांचा हिशेब याच खात्यात पडतो. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन बाळंतपणाच्या रजेनंतर कंपनी आणि कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करण्याची सोय आली. सोय चांगलीच आहे. पण सहा महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन एक्सेल उघडून बघा.

ज्यांच्या घरात मूल नाही, वडीलधारे धडधाकट आहेत, स्वतंत्र खोली आहे, त्यांचं तरी बरं चालतं का? आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या 10 हजारांहून जास्त लोकांच्या संगणकातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. टाळेबंदीनंतर घरून काम सुरू झाल्यावर कामाचे तास वाढले आणि काम मात्र किंचित घटलं. वाढीव वेळ मीटिंगा आणि समन्वय यांनी खाल्ला आणि सलग, कुणी न टोकता मिळणारा वेळ आटला. हिंजवडीत कुणालाही विचारा, अभ्यास न वाचता हेच सांगेल. ऑफिसात जे खुर्ची फिरवून 'अरे, ती फाइल कुठली?' म्हणून दोन वाक्यांत उरकायचं, त्याला आता अर्ध्या तासाचं निमंत्रण जातं, आणि त्यात सहा जण.

कारण इथे काटाच नाही. आठवडाभराच्या विचारातून निघणाऱ्या कामाचं वजन रोज संध्याकाळी करता येत नाही, हे मान्य. पण वजन करता येत नाही म्हटल्यावर चॅटवरच्या नावापुढचा हिरवा ठिपका मोजला जातो. ठिपका पिवळा पडू नये म्हणून लोक जेवताना मधूनच माउस हलवतात. आपोआप माउस हलवत ठेवणारी यंत्रंही बाजारात मिळतात. काकूंना कुणी असं यंत्र दिलं असतं, तर त्यांनी त्याचं काय केलं असतं?

आणि वाचलेल्या वेळाचं काय होतं? 27 देशांतल्या एका पाहणीत घरून काम केल्याने जाण्यायेण्याचा सरासरी 72 मिनिटं वेळ रोज वाचतो असं दिसलं, भारतात 99 मिनिटं. त्यातला साधारण 40 टक्के वेळ लोक परत कामालाच देतात. म्हणजे लोकलमध्ये जो वेळ घामात जायचा, त्यातला मोठा तुकडा कंपनीच्या खिशात. एवढं असूनही कंपन्या खूश नाहीत. टीसीएसने 2020 मध्ये सांगितलं होतं, की 2025 पर्यंत एका वेळी पाव कर्मचारीच ऑफिसात असले तरी पुरे. 2023 मध्ये तिथेच पाचही दिवस हजेरीचा फतवा निघाला. मला कंपन्यांचा राग येत नाही. ज्याचं वजन करता येत नाही तो माल डोळ्यांसमोर असावा, असं कुणालाही वाटणार.

मग करायचं काय? मी गेली काही वर्षं भाषांतराचं काम घरूनच करतो, आणि शेवटी काकूंच्या डब्यापाशीच आलो. सकाळी वहीचं पान घेऊन न बसता, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या आजच्या चौकोनात लिहितो: आज काय 'परत करायचं'. 'भाषांतर करणे' असं लिहीत नाही, 'पान 40 ते 46 पाठवणे' असं लिहितो. चौकोन लहान असतो, हा मोठा फायदा. त्यात दोनच गोष्टी मावतात, कारण दुधाची नोंदही तिथेच असते. (जॅक निलेस या अमेरिकी अभियंत्याने दूरस्थ कामाला 'टेलिकम्युटिंग' हे नाव दिलं ते 1973 साली, आणि जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय निघालं तेही 1973 सालीच. योगायोग आहे, पण मला आवडतो.) सात वाजता लॅपटॉप कपाटात ठेवतो आणि कपाटाला खरोखर कडी लावतो. टेबलावर राहिला की तो रात्री जेवणानंतर बोलावतो. सकाळी काम सुरू करण्याआधी खाली उतरून कोपऱ्यावर चहा पिऊन येतो. चहा घरीही मिळतो. पण बाहेरून घरात आल्याशिवाय काम घरात आलं, असं मला वाटतच नाही.

मीटिंगांचा प्रश्न माझ्यापुरता सुटलाय, कारण मला कुणी बोलावत नाही. बायकोच्या टीमने मंगळवार आणि गुरुवारची सकाळ मीटिंगमुक्त ठेवली, त्याचा तिला कुठल्याही गजरापेक्षा जास्त उपयोग झाला. आणि एका कामासाठी सहा जणांना बोलावण्याआधी ते काम चार ओळींत लिहून बघायचं, हा नियम तिने स्वतःवर लावून घेतला. निम्म्या वेळा चार ओळी लिहितानाच उत्तर सापडतं म्हणे.

राहता राहिली बेल. मोजदाद संपल्यावर कागद मी तिला मोठ्या कौतुकाने दाखवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, 'अकरा! आणि तू नुसता मोजत होतास?' तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवारी बेल माझी. इस्त्रीवाला, कुरिअर, वर्गणी, पाणी आलं का, पाणी गेलं का, सगळं माझ्याकडे. खालच्या काकूंना आधी पटेना. दार मी उघडलं तरी त्या माझ्या खांद्यावरून आत बघत 'ती कुठेय?' असं विचारायच्या. 'ऑफिसात आहे,' मी सांगायचो. ती आतल्या खोलीत, सहा पावलांवर.

पहिल्या मंगळवारी साडेचारलाच तिने लॅपटॉप मिटला, आळस दिला आणि कालनिर्णयपाशी जाऊन आपल्या दोन्ही ओळींवर बरोबरच्या खुणा केल्या. माझ्या ओळींकडे तिने फक्त पाहिलं. त्या दिवशीच्या चौकोनात माझ्याकडून पुरी झालेली नोंद एकच होती: दूध, दीड लिटर.