चालायला सांगता, पण चालायचे कुठे?

डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. साखर, रक्तदाब, वजन या सगळ्यांवर चालणे हे बिनपैशाचे औषध आहे. तथागतांनीही चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. निरोगी राहणे आणि खाल्लेले अन्न पचणे हे त्यांतलेच दोन. पण आपल्या वस्तीतल्या आजीने चालायचे कुठे? सिमेंटचा रस्ता झाला, चिखल गेला, हे चांगलेच झाले. पण त्याच रस्त्यावर दुचाक्या सुसाट सुटल्या. कडेला गाड्या उभ्या, नालीचे ढापे तुटलेले. मग आजी दारातच बसते आणि शाळेला सायकलवर निघालेल्या लेकराची आई घोर लावून घेते.

वेगाचे गणित समजून घेऊ. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते, ३० ने जाणारी ८ मीटरच्या आसपास. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एक सेकंद जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणूनच जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीत दुचाकीला ६० आणि कारला ७० पर्यंत मुभा आहे. मात्र ही मर्यादा कमी करता येते. वस्तीसाठी तीच मागणी आपण करायची.

कागदावर आपली बाजू भक्कम आहे. रस्त्यावरची जागा वाटताना गाड्यांपेक्षा माणसांचा विचार करा, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत निवडलेल्या ११ शहरांत आपले शहरही होते. शहराला मान मिळाला, आता ते काम वस्तीच्या गल्लीपर्यंत आले पाहिजे.

आपल्यासाठी ही गोष्ट नवी नाही. बाबासाहेबांच्या संविधानात अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. १४ एप्रिलला भडकल गेटकडे जाणारा रस्ता पायी चालणाऱ्या माणसांनी भरून जातो. उरलेल्या दिवशीही रस्त्यावर आपला तेवढाच हक्क आहे.

मग काय करायचे?

• रविवारी विहारात वंदना झाली की टेप घेऊन रस्ता मोजा. तुटलेले ढापे, बंद दिवे, धोक्याची वळणे यांची यादी करा. फोटो लावून वॉर्ड कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.

• नवा रस्ता होणार असेल तर नारळ फुटायच्या आधीच फुटपाथ आणि गतिरोधक मागा. नंतर ‘निधी नाही’ हेच उत्तर मिळते.

• विटा-सिमेंटचा उंचवटा स्वतः घालू नका. गरोदर बाई, कंबरदुखीचा माणूस आणि सायकलवाला यांना त्याचाच त्रास होतो. नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि पांढऱ्या पट्ट्यांचा असतो.

• फुटपाथ मोकळा करताना हातगाडीवाल्याच्या पोटावर पाय येऊ नये. तो आपलाच माणूस आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यालाही संरक्षण आहे.

• अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, घाबरून मागे हटू नका.

आणि एक आपल्याच घरातले. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती मोटारसायकलची चावी देऊ नका. गल्लीत शिरताना वेग कमी करा. समोरून चालत येणारी आजी कुणाची तरी नव्हे, आपलीच आहे.

जयभीम!