जायबंदी करण्याची सुपारी

अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन लोळवणे हा खेळाचाच भाग आहे. नियमात बसणाऱ्या धडकेनेही हाडे मोडतात, गुडघे निकामी होतात, मेंदूला मार बसतो. मात्र समोरच्याला इजा व्हावी म्हणूनच धडक द्यायची आणि ती झाली की पैसे घ्यायचे, हा प्रकार निराळा आहे. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघात २००९ ते २०११ असे तीन हंगाम तो चालला, असा निष्कर्ष नॅशनल फुटबॉल लीगने मार्च २०१२मध्ये जाहीर केला.

बचावफळीचे प्रशिक्षक ग्रेग विल्यम्स यांच्या देखरेखीखाली एक सामाईक निधी होता. खेळाडूच त्यात रोख रक्कम टाकत. लीगच्या म्हणण्यानुसार २२ ते २७ बचावपटू त्यात सामील होते. प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडला तर त्यातून बक्षीस मिळे. तेवढेही लीगच्या नियमांत बसत नव्हते, कारण करारात नसलेला बोनस तिथे चालत नाही. खरी गंभीर बाब पुढची. मार खाल्लेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकला नाही तर दीड हजार डॉलर, त्याला उचलून मैदानाबाहेर न्यावे लागले तर एक हजार. बाद फेरीत हेच दर दुप्पट-तिप्पट होत.

लाखो डॉलर कमावणाऱ्या खेळाडूंसाठी ही रक्कम किरकोळच होती. पण ती सहकाऱ्यांच्या खिशातून येई आणि तिच्यामागे प्रशिक्षकाची पसंती असे. इजा करणे ही कामगिरी ठरत होती, आणि तिचे मोल प्रशिक्षकांच्या संमतीने ठरत होते.

२४ जानेवारी २०१० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सेंट्सची गाठ मिनेसोटा व्हायकिंग्जशी पडली. व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, ब्रेट फार्व तेव्हा चाळिशीत होता. सामनाभर त्याच्यावर धडका बसत राहिल्या. तिसऱ्या सत्रात सेंट्सचे दोघे एकदमच त्याच्यावर आले, एक वरून, एक पायांवर, आणि त्याचा घोटा दुखावला. पंचांनी दंड दिला नाही. तो द्यायला हवा होता, हे लीगने नंतर मान्य केले. फार्व लंगडत खेळत राहिला. सेंट्सने जादा वेळेत ३१-२८ असा विजय मिळवला आणि दोन आठवड्यांनी सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही जिंकला. या सामन्याआधी बचावफळीचा कर्णधार जोनाथन व्हिल्मा याने फार्वला बाहेर काढणाऱ्यासाठी दहा हजार डॉलर लावले होते, असा लीगचा आरोप होता. व्हिल्माने तो सातत्याने नाकारला.

जानेवारी २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सामन्याच्या आदल्या रात्री विल्यम्स यांनी संघापुढे केलेले भाषण माहितीपटकार शॉन पॅम्फिलॉन यांनी ध्वनिमुद्रित केले होते. प्रतिस्पर्धी संघातल्या फ्रँक गोरच्या डोक्यावर आघात करा, मायकल क्रॅबट्रीच्या गुडघ्याचा स्नायुबंध गाठा, अशा सूचना त्यात ऐकू येतात. काइल विल्यम्सला पूर्वी मेंदूला मार बसला होता, म्हणून त्यालाही लक्ष्य करायला सांगितले गेले. अ‍ॅलेक्स स्मिथच्या हनुवटीबद्दल बोलताना ग्रेग विल्यम्स यांनी अंगठा बोटांवर घासून पैशांची खूण केली, असे पॅम्फिलॉन सांगतात. प्रतिस्पर्ध्याची जुनी दुखापत हेरून तिथेच मारायला सांगणे, हा या प्रकरणातला सर्वांत निर्दय भाग आहे.

मेंदूच्या दुखापतींवरून निवृत्त खेळाडू त्याच सुमारास लीगला न्यायालयात खेचत होते. त्या पार्श्वभूमीवर लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी या प्रकरणात कडक शिक्षा दिल्या. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन पूर्ण हंगामासाठी, तर विल्यम्स बेमुदत निलंबित झाले. महाव्यवस्थापक मिकी लूमिस यांना आठ सामन्यांची बंदी आणि संघाला पाच लाख डॉलर दंड झाला. व्हिल्मासह चार खेळाडूंवरही बंदी आली, पण अपिलाची सुनावणी करणारे माजी आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांनी डिसेंबर २०१२मध्ये खेळाडूंच्या शिक्षा रद्द केल्या. चौघांपैकी तिघांचे वर्तन खेळाला बाधक होते, हे त्यांनी मान्य केले. मुख्य दोष मात्र प्रशिक्षक आणि संघव्यवस्थापनावर ठेवला. तो योग्यच होता. संघातली जागा प्रशिक्षकाच्या मर्जीवर टिकते, तिथे त्याने आखलेल्या प्रथेला नकार देणे खेळाडूला सोपे नसते. शिवाय मैदानावरची एखादी धडक पैशासाठी होती की खेळाच्या ओघात, हे चित्रफितीवरून ठरवता येत नाही.

पेटन जानेवारी २०१३मध्ये सेंट्समध्ये परतले. पुढच्याच महिन्यात विल्यम्स यांचेही निलंबन उठले आणि टेनेसी टायटन्सने त्यांना बचावाच्या प्रशिक्षणाचे काम दिले.