मधला मुक्काम

शोभिवंत माशांच्या कुठल्याही दुकानात जा. पिशवीला रबर बँड लावता लावता दुकानदार एक सूचना हमखास देतो : घरी गेल्यावर पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवा आणि मग मासे सोडा. सूचना चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. तरंगणाऱ्या पिशवीच्या प्लास्टिकमधून आत-बाहेर होते ती फक्त उष्णता. पाण्यातले क्षार, आम्लता, अमोनिया हे सगळं जिथल्या तिथे राहतं. माशाच्या अंगावर बसून आलेला रोगही पिशवी सुटण्याची वाट पाहत असतो. म्हणूनच विधी यथासांग पार पडूनही आठवडाभरात एकेक मासा वर तरंगू लागतो आणि घरातले म्हणतात, ‘आपल्याकडे मासे टिकतच नाहीत.’

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पुण्यातलं घर, डिसेंबर महिना. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी, म्हणजे खडी वजा जाता साधारण पन्नास लिटर पाणी. आत गप्पी आणि कोरीडोरास वर्षभर सुखानं नांदताहेत. आता त्यात आठ निऑन टेट्रा आणायचे आहेत. निऑन थव्यानं राहणारा मासा आहे. दोनच आणले तर ते कोपऱ्यात भेदरून बसतात, त्यामुळे आठ हा आकडा योग्य.

हा निऑन आपल्या दारी पोचेपर्यंत काय काय सोसतो ते आधी पाहू. निऑनचं मूळ गाव ॲमेझॉन खोऱ्याच्या वरच्या भागातलं, मऊ आणि थोडं आम्ल पाणी. दुकानात मिळणारे निऑन मात्र बहुतेक पैदाशीचे असतात. आपल्याकडे शोभिवंत माशांची मोठी पैदास चेन्नईतल्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास होते. काही माल आग्नेय आशियातल्या शेतांवरूनही येतो. पॅकिंगच्या आधी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे प्रवासात ते पाणी घाण करत नाहीत. तिथून घाऊक व्यापारी, तिथून आपल्या भागातलं दुकान, तिथून आपण. आठवड्या-दोन आठवड्यांत या बोटभरही नसलेल्या जिवानं तीन-चार प्रकारचं पाणी पाहिलेलं असतं. तो उपाशी असतो, दमलेला असतो आणि त्याची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते.

पाणी बदललं की माशाला नेमकं काय होतं? गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी सतत आत शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा या दोन्हींशी चोवीस तास झगडत असतो. मूत्रपिंडं पातळ लघवीवाटे जादा पाणी फेकतात आणि कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून क्षार ओढून घेतात. ही यंत्रणा ठराविक पाण्यासाठी बसवलेली असते. मासा क्षारयुक्त पाण्यातून एकदम मऊ पाण्यात पडला की आत शिरणारं पाणी अचानक वाढतं, आणि यंत्रणा नव्यानं बसायला काही तास नव्हे, काही दिवस लागतात. तेवढ्या काळात तो मेला नाही तरी कमजोर पडतो, आणि रोगाला तेवढं पुरतं.

पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज टीडीएस मीटर देतो. घराघरांत आरओ आल्यापासून हे पेनासारखं यंत्र बऱ्याच जणांच्या ओळखीचं आहे आणि ते महागही नाही. कोणते क्षार आहेत हे त्यावरून कळत नाही, पण दोन पाण्यांत फरक किती आहे ते कळतं, आणि इथे तेवढं पुरे. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी मऊ असतं. त्याच शहरात बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत हा आकडा कित्येक पटींनी वर जाऊ शकतो. दुकान एका पाण्यावर आणि आपण दुसऱ्या, असं सहज घडतं. म्हणून दुकानातल्या टाकीचा टीडीएस तिथेच मोजावा. दुकानदाराला गंमत वाटते, पण तो हरकत घेत नाही.

पिशवीत तर आणखी एक खेळ चाललेला असतो. मासा श्वास सोडतो तसा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच खाली येतो, म्हणजे आम्लता वाढते. दुसरीकडे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात : एक जहाल विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी, अमोनियम. पीएच कमी तितका निरुपद्रवी रूपाचा वाटा जास्त. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर विषारी रूपाचा वाटा अर्धा टक्का भरतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे दसपट. बंद पिशवीत माशाला आम्लतेचं एक प्रकारे संरक्षणच असतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि इतका वेळ निमूट बसलेला अमोनिया विष होऊन उठतो.

यातून एक उलटा निष्कर्ष निघतो, आणि तो ‘पाणी सावकाश मिसळा’ या उपदेशात हरवून जातो. जवळच्या दुकानातून तासाभरात आणलेल्या पिशवीत अमोनिया नगण्य असतो, तिथे सावकाश पाणी मिसळणं ठीक. पण रात्रभराचा प्रवास करून पार्सलनं आलेली पिशवी उघडून त्यात दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच्याच विषात मुरवणं. अशा वेळी तापमान जुळवायचं, पिशवी उघडायची आणि मासा लगेच चांगल्या पाण्यात घ्यायचा.

मग क्षारांच्या फरकाचं काय? याचं उत्तर मला तरी एकच पटतं. माशाला पाण्याशी जुळवत बसण्याऐवजी पाणीच माशाशी जुळवून ठेवावं. मोठ्या टाकीत ते शक्य नसतं, कारण तिथे आधीची मंडळी राहतात. वेगळ्या टबात शक्य असतं, आणि टब लागणारच आहे. करोनानंतर क्वारंटाइन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नव्या माशांना तो दोन आठवडे तरी हवा, चार मिळाले तर उत्तम. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि बहुतेक मासे याच गाळलेल्या पायरीवर मरतात.

टब पंचवीस-तीस लिटरचा, साधा प्लास्टिकचा चालतो. साबण किंवा डिटर्जंट कधीही न लागलेला हवा. खडी नको, कारण तळ स्वच्छ दिसला पाहिजे. लपायला पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा. वर जाळी, कारण बुजलेला मासा उडी मारतो. पुण्याच्या डिसेंबरात रात्री पाणी विशीला टेकतं आणि निऑनला २२ ते २६ अंश लागतात. त्यामुळे छोटा हीटर आणि थर्मामीटर हवाच. हीटर प्लास्टिकला चिकटू द्यायचा नाही आणि पाणी काढताना आधी बंद करायचा. पाणी नळाचं असेल तर क्लोरीन घालवायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुकानात ते ‘अँटीक्लोर’ म्हणूनही मिळतं. मग दुकानातल्या टीडीएसशी हे पाणी जुळवायचं. आकडा चढवायला थोडं बोअरचं पाणी आणि उतरवायला आरओचं पाणी मिसळलं की काम भागतं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे स्पंज फिल्टर, आणि तो जुना असला पाहिजे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात नव्हे, स्पंजावर आणि खडीवर वसती करतात. ही वसती नव्यानं उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मासे आणायचा विचार डोक्यात आला, की त्याच दिवशी जादा स्पंज मोठ्या टाकीत चालू करून द्यावा. महिन्याभरानं तोच उचलून टबात लावला की टब पहिल्या दिवसापासून चालता होतो. कोऱ्या स्पंजवर भागवलं तर नायट्राइट साठतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

खरेदीच्या वेळी दुकानदारासमोर थोडा हट्टीपणा चालतो. माल कधी आला ते विचारावं. आज आलेल्या लॉटमधले मासे आज घेऊ नयेत. आठवडा काढलेले घ्यावेत, कारण जे मरायचे ते दुकानातच मरून गेलेले असतात. समोर थोडं खाद्य टाकायला सांगावं. न खाणारा, पर अंगाशी चिकटवून बसलेला किंवा धापा टाकणारा मासा कितीही देखणा असला तरी नको. बऱ्याच दुकानांत टाक्यांच्या रांगेला एकच फिल्टर असतो. त्यामुळे शेजारच्या टाकीत मेलेले मासे दिसले तर आपल्या पसंतीच्या टाकीतही तेच पाणी फिरतंय असं समजावं. पाणी निळं किंवा पिवळट असेल तर त्यात औषध आहे. कशासाठी घातलंय, तेही विचारावं.

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा असावी, लांब जायचं असेल तर ऑक्सिजन. वरून वर्तमानपत्र गुंडाळलं की अंधारात मासे शांत राहतात आणि थंडीही कमी लागते.

घरी आल्यावर खोलीतला दिवा मंद करायचा. बंद पिशवी वीस मिनिटं टबात तरंगू द्यायची. दुकानदाराचा सल्ला इथे कामाला येतो. मग पिशवी उघडून दोन्ही पाण्यांचा टीडीएस पाहायचा. आपण आधीच जुळवून ठेवलंय, त्यामुळे फरक किरकोळ निघतो. पाच-पाच मिनिटांनी तीन-चार वेळा वाटीभर पाणी पिशवीत घालायचं, की झालं. मग मासे जाळीनं उचलून टबात, आणि पिशवीतलं पाणी मोरीत. ते पाणी टबात ओतण्याचा मोह टाळायचा. दुकानातली सगळी रोगराई त्यातच असते. त्या दिवशी खाद्य नाही.

पुढचे दोन आठवडे कंटाळवाणे असतात, आणि तसेच असावेत. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर खाद्य, उरलेलं काढून टाकायचं आणि दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलायचं. मुख्य काम बघण्याचं. सगळ्यात जास्त भेटणारा पाहुणा म्हणजे पांढरे ठिपके, हॉबीतल्या भाषेत ‘इक’. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे कण दिसतात. प्रत्येक कण म्हणजे कातडीखाली बसून माशाला खाणारा एकपेशीय परजीवी. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, कोश करतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्यावर आणि कोशातल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणूनच ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करणाऱ्याकडे ते आठवड्यानं दामदुपटीनं परततात. पंचविशीच्या तापमानाला हे चक्र आठवडाभरात पुरं होतं, थंड पाण्यात ते रेंगाळतं. दोन आठवडे म्हणजे निदान दोन फेऱ्या डोळ्यांखालून जातात, आणि सुरुवातीला फक्त कल्ल्यांत दडलेला, न दिसणारा इकही उघडा पडतो.

काहीच दिसत नसताना ‘असू दे’ म्हणून औषध घालू नये. मिथिलीन ब्लू किंवा प्रतिजैविकं स्पंजवरच्या जिवाणूंनाही मारतात आणि मग अमोनियाची नवी भानगड उभी राहते. पण मासा उदास बसणं, कल्ल्यांची घाई, पाइपला अंग घासणं किंवा गुदद्वारातून लाल धाग्यासारखा जंत डोकावणं यांतलं काही दिसलं, तर मुक्काम वाढवायचा आणि त्या त्या रोगाचं औषध टबातच करायचं. तिथे पाणी कमी असल्यानं औषधही थोडं लागतं आणि घरच्या माशांना त्याचा उपसर्ग होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट चालू करायची. टबातलं पाणी बदलताना भर घालायची ती मोठ्या टाकीतल्या पाण्याची. खेपेगणिक टबातलं पाणी टाकीच्या पाण्याजवळ येत जातं आणि माशांच्या कल्ल्यांना बदल समजतही नाही. थेंब-थेंब पद्धतीत दोन तासांत उरकायचं काम इथे आठवडाभर चालतं.

एका जातीला मात्र या सगळ्यातही मी घरी आणायला कचरेन. मिस केरळ नावानं विकला जाणारा सह्याद्रीतला लाल पट्ट्याचा मासा. त्याच्या प्रजातीचं नावच ‘सह्याद्रिया’ आहे. तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या थंड, वाहत्या ओढ्यांचा रहिवासी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मुंबईच्या मे महिन्यात छोट्या टाकीत त्याची काय गत होईल, ते या आकड्यांवरून ताडता येतं.

निऑन मोठ्या टाकीत सोडण्याच्या दिवशी आधी तिथल्या गप्पींना पोटभर खाऊ घालावं. भरल्या पोटी त्यांची चौकशी थंडावते. टाकीत सिक्लिडसारखे हद्द राखणारे मासे असतील तर दगड आणि झाडं थोडी हलवावीत, म्हणजे सगळ्यांचीच हद्द नव्यानं आखली जाते. निऑन संध्याकाळी सोडावेत आणि सकाळपर्यंत दिवा लावू नये. एंजल फिश असलेल्या टाकीत निऑन सोडायचे असतील, तर हा सगळा खटाटोप एंजलच्या जेवणासाठी चालला आहे हे लक्षात असू द्यावं. पूर्ण वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन आरामात मावतो.

आठ माशांची भर पडली की जिवाणूंच्या वसतीलाही वाढायला वेळ लागतो. म्हणून पहिला आठवडा खाद्य हात राखून द्यावं आणि एक दिवसाआड अमोनिया तपासावा. थेंबांचं किट वापरलं तर आकडा विश्वासाचा मिळतो. अमोनियाचा मागमूस दिसला तर पाव हिस्सा पाणी बदललं की पुरे.

टब, जाळी आणि पाइप धुऊन कडक उन्हात पूर्ण कोरडे करावेत. इकला कोरडेपणा सोसत नाही. मुक्कामात रोग निघालाच नसेल तर स्पंज परत टाकीत जाऊ शकतो, निघाला असेल तर तो कचऱ्यात. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा, नदीत किंवा तलावात नाही. काच साफ करतो म्हणून हौसेनं आणलेला आणि फूटभर वाढल्यावर कुणीतरी सोडून दिलेला सकर मासा आज देशातल्या कितीतरी पाणवठ्यांत कोळ्यांच्या जाळ्यांत येतो.