तोक्यो विद्यापीठातला जुजुत्सूचा विद्यार्थी

१८७७ साली तोक्यो विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हाच्या विद्यार्थ्यांत कानो जिगोरो नावाचा एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. उंची जेमतेम ५ फूट २ इंच. शाळेत असताना दांडगट मुलांनी त्याला चांगलंच छळलं होतं. जुजुत्सू ही जपानची जुनी झुंजकला येत असेल तर लहान चणीचा माणूसही धिप्पाडाला लोळवतो, हे त्याच्या कानावर आलं होतं. शिकवायला मात्र कोणी मिळेना. मेइजी काळात सामुराईंची सद्दी संपली होती, १८७६ साली त्यांच्या तलवार बाळगण्यावरही बंदी आली. जुजुत्सूचे कितीतरी जुने गुरू हाडं बसवून पोट भरत होते. म्हणून कानोंनी हाडवैद्यांचीच दारं ठोठावली आणि त्यांतल्या एकाने त्यांना फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे धाडलं.

फुकुदा तेन्जिन शिन्‌यो र्‍यू या परंपरेचे. मर्मावर आघात करणं, गळा आवळणं, जखडून ठेवणं ही तिची ताकद. शिकवण्याची रीत जुन्या वळणाची. एका डावात हात कुठे ठेवायचा, पाय कुठे टाकायचा, असं कानोंनी विचारलं, तर उत्तर न देता फुकुदांनी त्यांना आपटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा आपटलं. अंगाला कळेल तेच खरं, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. विद्यापीठात मात्र वारं वेगळं होतं. तिथे राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र होतं, १८७८ साली अमेरिकेहून आलेले अर्नेस्ट फेनोलोसा तत्त्वज्ञान शिकवत होते. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची तिथे मुभा होती. अंगावर घेतलेला मार आणि वर्गातला ‘का?’ हे दोन्ही एकाच मुलाच्या वाट्याला आले, हे मला फार मोलाचं वाटतं.

फुकुदांकडे फुकुशिमा नावाचा एक वजनदार गडी होता. कानोंना तो काही केल्या हलेना. त्यांनी सूमोचे डाव वापरून पाहिले, उपयोग झाला नाही. मग त्यांनी पुस्तकं धुंडाळली. पाश्चात्त्य कुस्तीवरच्या एका पुस्तकात त्यांना हवा तो डाव सापडला: खाली शिरायचं, प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. आपल्या तालमीतल्या पोरांना हा डाव लगेच ओळखता येईल; कलाजंग याच जातीचा. फुकुशिमा पडला. पुढे कानोंनीच घडवलेल्या ज्यूदोत तो डाव काता-गुरुमा या नावाने आजही शिकवला जातो.

ऑगस्ट १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट तोक्योत असताना त्यांच्यासमोर जुजुत्सूची प्रात्यक्षिकं झाली, त्यांत कानोही होते. त्यानंतर काही दिवसांतच फुकुदा वारले. कानो त्याच परंपरेतल्या इसो मासातोमो यांच्याकडे गेले, तिथे इतरांना शिकवू लागले. १८८१ साली इसोही गेले, आणि तेव्हा कानो कितो र्‍यूच्या ईकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे पोहोचले.

इथे सगळंच निराळं. कितोचा भर पाडण्यावर. तिचे जुने डाव चिलखत घातलेल्या योद्ध्याला पाडण्यासाठी रचलेले. पन्नाशीतले ईकुबो या तरुणाला सहज फेकत. कानो बघत राहिले, ताडत राहिले. माणसाला ढकललं की तो उलट रेटतो, ओढलं की मागे ताणतो. त्या क्षणी त्याचा तोल कुठे जातो हे ओळखलं, आधी तो तोल मोडला आणि मग डाव टाकला, तर फारसं बळ लागत नाही. पुढे एके दिवशी सरावात ईकुबोंना त्यांना फेकता येईना, उलट कानोच गुरूंना फेकू लागले. कारण विचारल्यावर कानोंनी ही तोल मोडण्याची गोष्ट सांगितली. आपल्याकडे आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं ईकुबोंनी मोकळ्या मनाने मान्य केलं. असा गुरू लाभणं हेही भाग्यच.

आजही कितीतरी विद्यार्थी एका सत्रात कराटे, दुसऱ्यात तायक्वांदो, मग किकबॉक्सिंग असं करतात. त्यात गैर काही नाही, पण त्यांनी कानोंचा क्रम जरूर पाहावा. पहिल्या परंपरेत ते जवळपास चार वर्षं राहिले, दुसऱ्यांना शिकवण्याइतके तयार झाले, आणि मग दुसरीकडे गेले. कितोत नवं काय आहे हे त्यांना दिसलं ते त्यामुळेच. नुसती चव घेत फिरणाऱ्याला दोन शैलींतला फरक सांगता येतो, त्या फरकाचं कारण सांगता येत नाही.

१८८१ साली पदवी मिळाल्यावरही ते आणखी एक वर्ष विद्यापीठात शिकत राहिले. १८८२ साली एइशोजी या मंदिरात १२ चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही आपली ज्यूदोची शाळा सुरू केली, पहिल्या वर्षीचे विद्यार्थी ९. ईकुबो आठवड्यातून दोन-तीन दिवस तिथे येऊन शिकवत. तेन्जिन शिन्‌योचं गळा आवळणं आणि जखडणं कानोंनी ज्यूदोत घेतलं, इजा करणारे आघात मोकळ्या सरावातून काढून ठरावीक आकृतिबंधांपुरते ठेवले. कितोचा चिलखती आकृतिबंध मात्र त्यांनी जवळजवळ होता तसा जपला. कोशिकी-नो-काता हे त्याचं नाव. उतारवयात कानो तो स्वतः सादर करत, त्याची चित्रफीत आजही पाहायला मिळते.